तिसऱ्या मजल्यावरचा समुद्र

मासा ताटात असावा, असं माझं लहानपणापासूनचं मत आहे. आम्ही मालवणकडचे. मासा काचेच्या पेटीत ठेवून त्याच्याकडे बघत बसायचं, हे आमच्या घरात कुणाला सांगितलं असतं तर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. त्यामुळे ठाण्याच्या नौपाड्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर मी खोली बघायला गेले, घरमालकांनी दारातच ‘आमच्या घरात मासे शिजवायचे नाहीत’ असं बजावलं आणि त्याच वेळी त्यांच्या कोपराखालून मला आतल्या खोलीत दोन केशरी मासे पोहताना दिसले, तेव्हा पहिल्याच भेटीत मला त्या माणसाचा राग आला.

माझी नजर कुठे गेली ते त्यांनी ओळखलं. म्हणाले, “इथे मासे बघायचे. पटत असेल तर सामान आणा.”

मी सामान आणलं. टेलिफोन ऑफिसात नवीन लागलेल्या एकट्या मुलीला स्टेशनजवळ खोली देणारा दुसरा कुणी भेटत नव्हता, नाहीतर कशाला आणलं असतं? मी त्यांना तोंडावर काका म्हणायचे आणि मनात मालक. ते मला पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत ‘बाई’ म्हणाले. मी तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांची. सुरुवातीला ‘बाई’ ऐकलं की माझ्यामागे कुणी उभं आहे का ते बघायचे.

मालकांचं सगळं आयुष्य एका रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत गेलेलं. त्यांचं काम एकच, तयार झालेला माल तपासायचा आणि जमेल तितका नापास करायचा. निवृत्त झाले, पण नापास करायचा हात काही थांबला नाही. दूधवाल्याचं दूध नापास, इस्त्रीवाल्याची इस्त्री नापास, समोरच्या बिऱ्हाडाची दिवाळीतली रांगोळीसुद्धा ‘हिरवा जरा मळलाय’ म्हणून नापास. चहाचा पहिला घोट ते तोंडात धरून ठेवायचे. तेवढ्या वेळात चहा करणारीचा जीव टांगणीला. मग गिळायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. काहीच बोलले नाहीत म्हणजे चहा पास.

आणि प्रत्येक गोष्टीला त्यांचा एक शब्द ठरलेला होता. “कारण?”

मी म्हणावं, “काका, डोकं दुखतंय.” ते म्हणणार, “कारण?” अहो, डोकं दुखायला काय कारण लागतं? एकदा ऑफिसात साहेब सगळ्यांदेखत बोलले म्हणून मी रडत घरी आलेले. मालक खाकी हाफपँट आणि बनियनवर, कोपरापर्यंत ओले हात घेऊन बाहेर आले. “कारण?” मी रागारागाने सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हे निमित्त झालं, बाई. कारण नव्हे. तुम्ही दुपारी जेवलेल्या नाही आहात.” मला इतका संताप आला, कारण मी खरंच जेवलेले नव्हते. त्यांनी आतून पोळीभाजीचं ताट आणून ठेवलं आणि पुन्हा टाकीकडे गेले. “कारणाशिवाय जगात काहीही होत नाही,” जाता जाता म्हणाले. हे वाक्य मी त्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की अजूनही भांडं हातातून पडलं की मला तेच आठवतं.

आता टाकीबद्दल सांगते.

त्यांच्या बायकोला, काकूंना, मी राहायला गेले त्याच्या आधीच अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला. उजवं अंग गेलेलं, बोलणं जरा जड झालेलं, पण डोकं लख्ख. कॉटवर डाव्या कुशीला वळवून ठेवलं की समोर नुसती भिंत. काकू अलिबागच्या पुढच्या एका समुद्रकाठच्या गावातल्या. माहेरच्या पडवीतून लाटा दिसायच्या म्हणे. एकदा त्या पडल्यापडल्या म्हणाल्या, “आता काही मला समुद्र दिसायचा नाही.” त्या सहज म्हणाल्या होत्या. मालकांनी ते सहज घेतलं नाही. त्यांनी त्या भिंतीला टाकी लावली, तीही खाऱ्या पाण्याची. साधे गोड्या पाण्यातले मासे त्यांना चालेनात. “ते विहिरीतले,” म्हणायचे, “तिला समुद्र हवाय.”

टाकीखालचं टेबल किती उंच हवं हे ठरवायला ते स्वतः कॉटवर काकूंच्या उशीवर डोकं ठेवून आडवे झाले आणि सुताराला भिंतीवर खूण करायला लावली. त्यामुळे टाकी फार खाली बसली, कॉटला अगदी चिकटून. बाकीच्यांना ती बघायला वाकावं लागायचं. काकूंना मान हलवावी लागायची नाही.

समुद्राचं पाणी यायचं अर्नाळ्याहून. ठाण्याच्या खाडीचं पाणी त्यांनी कधीच नापास केलेलं. मासळीबाजारात टेम्पो घेऊन येणाऱ्या एका कोळीणमावशींशी त्यांनी संधान बांधलं होतं. त्या बोंबलांच्या पाट्यांबरोबर पाण्याचे कॅन आणायच्या आणि खालूनच हाक द्यायच्या, “काका, पानी आनलंय. भर दर्यातलं हाय, काठाचं नाय.” सगळी बिल्डिंग कांदासुद्धा जपून खाणारी, आणि जिन्यातून ओल्या मासळीचा वास दरवळत कॅन वर चाललेत. अर्ध्या बिल्डिंगची खात्री होती की मालक लपूनछपून खातात. उरलेल्या अर्ध्या बिल्डिंगला वाटायचं, मी खाते. मालक मात्र कॅन उघडून त्यात बोट बुडवायचे, जिभेला लावायचे आणि मावशींना खाली ओरडून सांगायचे, “पास.” खारटपणा मोजायचं काचेचं यंत्र होतं त्यांच्याकडे. पण आधी जीभ, मग यंत्र.

टाकीत ते दोन केशरी मासे, एक निळा, थोडे दगड आणि शंखात राहणारा एक खेकडा. काकू त्या दोन केशऱ्यांना ‘वरच्या मजल्यावरचं जोडपं’ म्हणायच्या. आज भांडण झालंय, आज समेट झालाय, अशा बातम्या मला संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मिळायच्या. दिवसभरात त्या घरात घडणारं तेवढंच. मी बातम्या ऐकायला कॉटच्या कडेला बसायचे आणि काय सांगू, हळूहळू मलाही त्या जोडप्याची काळजी वाटायला लागली.

आणि मग शेवाळ आलं.

आधी काचेवर तपकिरी धुळीसारखं काहीतरी. मग हिरवी लव. मग दगडांवर लालसर, बुळबुळीत साय धरली आणि तिच्यात बुडबुडे अडकलेले. काच आतून अशी हिरवी झाली की काकूंना जोडप्यातलं कोण कुठे आहे तेही कळेना. मालकांनी सकाळी खरवडायचं आणि चार दिवसांत पुन्हा जैसे थे. खरवडायला त्यांनी काय शोधून काढलं असेल? काकूंच्या खुब्याचा एक्स-रे. ब्लेडने काच चरते आणि हे प्लॅस्टिक बरोब्बर लवतं, असं त्यांचं म्हणणं. आधी तो सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून त्यावरचं सगळं चित्र घासून काढलं. काकू कॉटवरून म्हणाल्या, “माझं हाड मोरीत सोडलंत की हो.” त्यावर ते हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पण खरवडणं म्हणजे उपाय. आणि त्यांना हवं होतं कारण.

“शेवाळ ही शेती आहे, बाई,” ते मला सांगायचे, “खताशिवाय होत नाही. कुणीतरी याला पोसतंय.” मग संशयितांची चौकशी सुरू झाली. आधी ट्यूबलाइट. तिचे तास कमी केले. मग माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. मग पाणी बदलून झालं. मग टाकीवर चादर घालून पूर्ण अंधार करायचा प्रयोग काढला. प्रयोग शास्त्राला धरून असेलही, पण काकू दिवसभर त्या काळ्या चादरीसमोर पडून. दुसऱ्या दिवशी त्या जेवेचनात. म्हणाल्या, “घरात कुणी गेल्यासारखं वाटतंय.” मालकांनी त्या क्षणी चादर ओढून काढली आणि घडी करून कपाटात ठेवून दिली. तो प्रयोग पुन्हा झाला नाही.

त्यातच पाण्यावर एक तेलकट तवंग दिसायला लागला. ते वर्तमानपत्राचा कागद पाण्यावर पसरून तो तवंग टिपून घ्यायचे आणि कागद उजेडात धरून बघायचे. एक दिवस तसा कागद हातात घेऊनच माझ्या दारात उभे.

“बाई, आज काय तळलंत?”

“पोहे केले,” मी म्हटलं. “फोडणीचे. तुमच्या समुद्रात भजी नाही सोडली मी.”

“फोडणीचा धूर उडतो. वाहतो. पाण्यावर बसतो.”

“मग तुमच्या डोक्यावरही बसला असेल, काका, ते पण टिपून घ्या.”

आतून काकूंच्या हसण्याचा जड, तुटक आवाज आला. मालक कागद घेऊन परत गेले आणि त्यांनी संशय उदबत्तीवर नेला. देव स्वयंपाकघरात हलवले. मग पाहुणे. कल्याणहून त्यांची सख्खी बहीण भावजयीला बघायला आलेली. तिने हातातल्या बिस्किटाचा चुरा माशांना घातला, कौतुकाने. मालक तिला इतकं बोलले की ती चहा न घेता उठली आणि नंतर कित्येक महिने आली नाही. मला वाईट वाटलं, पण त्यांचाही इलाज नव्हता. दर सकाळी तो माणूस वाकून, कंबर धरून काच खरवडायचा, कारण काच हिरवी झाली की बायकोपुढे पुन्हा भिंत. एवढी एक गोष्ट त्यांनी तिला दिली होती आणि ती डोळ्यांदेखत नासत होती.

कारण मला सापडलं. शोधलं नव्हतं, समोर आलं.

ताप आला म्हणून मी ऑफिसला दांडी मारली होती. दुपारी मालक काकूंना उशीला टेकवून बसवून, त्यांचं ताट स्टुलावर ठेवून पोळ्या आणायला आत गेले. पोळ्या यायच्या आत काकू डाव्या हाताने भाताला सुरुवात करायच्या. मी पाणी प्यायला बाहेर आले, तर काकूंनी वरण-भाताचा छोटा घास कालवला, वर तूप होतंच, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि टाकीच्या झाकणाला नळीसाठी कोपरा कापलेला होता त्यातून तो घास आत सोडला. खाली बसवलेली टाकी त्यांच्या हाताला बरोबर पोचत होती.

“काकू,” मी म्हटलं.

“ओरडू नकोस. गोग्रास आहे.”

“अहो, तो गाईला असतो.”

“मग गाय आण तिसऱ्या मजल्यावर,” काकू म्हणाल्या.

झटका यायच्या आधी काकू रोज जेवणाआधी तो पहिला घास घेऊन खाली उतरायच्या. कोपऱ्यावर गाय घेऊन एक बाई बसायची, तिच्या गाईला घालायच्या आणि मगच स्वतः जेवायच्या. सासरी आल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. मालकांचा यावर विश्वास नव्हता, पण आडकाठीही नव्हती. झटक्यानंतर ते बंदच पडलं. टाकी आली आणि काकूंना समोर जीव दिसले, भुकेले, तोंड उघडून काचेपाशी येणारे.

“डावा हात आहे, पण देव चालवून घेईल,” त्या म्हणाल्या. बोलताना थांबत होत्या. “अगो, आता सगळे मलाच भरवतात. ऊठ म्हटलं की उठवतात, पूस म्हटलं की पुसतात. नुसतं घेतच राहायचं म्हणजे जीव लाजतो. हा एक घास तेवढा माझ्या हातून कुणाला तरी जातो.”

मी वाकून टाकीत बघितलं, भात दगडांवर बसत होता.

“त्यांना सांगितलंस तर ते बंद करतील. प्रेमानेच करतील, समजावून सांगतील. पण करतील.”

मी काय करायला हवं होतं ते आजही मला सांगता येत नाही. सांगावं तर यांचा घास जाणार, न सांगावं तर त्यांची कंबर. मी माझ्या खोलीत जाऊन पांघरूण घेऊन पडले. ताप होताच, सोय झाली.

पुढच्याच आठवड्यात निळा मासा मेला. मालकांनी त्याला तळहातावर घेऊन बराच वेळ बघितलं आणि संध्याकाळी मला म्हणाले, “रविवारी टाकी उतरवतो. उरलेले दुकानात परत देऊन टाकतो. आपल्या हातून मरण्यापेक्षा बरं.” आणि मग, जे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं ते, “कारण नाही सापडलं, बाई.”

काकूंना त्यांनी स्वतःच सांगितलं. काकू ‘बरं’ म्हणाल्या. रविवारपर्यंत त्यांनी मला जोडप्याची काही बातमी दिली नाही.

रविवारी बादल्या मांडल्या, पाणी खेचायची नळी आणली, मला मदतीला बोलावलं. तेवढ्यात मालक थांबले. म्हणाले, “एकदा काच साफ करतो. जाताना नीट दिसू देत तिला.” तो एक्स-रेचा तुकडा घेऊन ते वाकले आणि वरपासून खालपर्यंत सावकाश काच खरवडली. हिरवं खाली बसलं, पाणी निवळलं. केशरी जोडपं काचेपाशी आलं. काकू टक लावून बघत होत्या.

आणि दगडामागून तो शंखातला खेकडा बाहेर आला. नांगीत भाताचं शीत. पिवळं, हळदीचं, फुगलेलं. तो ते शीत घेऊन आम्हा तिघांच्या समोरून काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. इतक्या स्वच्छ काचेतून त्या घरात कधी काही दिसलं नव्हतं.

मालकांनी शिताकडे बघितलं. मग झाकणाच्या कापलेल्या कोपऱ्याकडे. मग स्टुलाकडे, जिथे ताट ठेवायचे. मग काकूंच्या डाव्या हाताकडे. काकूंनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, आता ‘कारण’ हा शब्द येणार आणि सगळं संपणार.

मालक सरळ झाले, कंबर दाबली.

“ऊन,” ते म्हणाले. “खिडकीतून ऊन येतंय. त्याचंच आहे हे सगळं. पडदा जाड लावला पाहिजे.”

त्यांनी नळी गुंडाळली, बादल्या मोरीत नेऊन उपड्या केल्या आणि मला म्हणाले, “बाई, चहा टाका.” त्या दिवशीच्या चहात मी साखर घालायला विसरले होते. त्यांनी तो तसाच प्यायला आणि नापास केला नाही.

दुसऱ्या दिवशी जाड पडदा आला, निळा, त्या खोलीला अजिबात न शोभणारा. त्या आठवड्यात ते आंब्यांची पेटी घेऊन कल्याणला बहिणीकडे जाऊन आले. कशाबद्दल ते बहिणीला त्यांनी सांगितलं नाही आणि तिनेही पेटी ठेवून घेतली, विचारलं नाही. ती पुन्हा यायला लागली. काही दिवसांनी काकू मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, “यांना कळलंय गं.”

“कशावरून?”

“ताट वाढताना हल्ली कडेला एक लहानसा घास वेगळा ठेवतात. कोरडा. ना वरण, ना तूप.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणायचं? तोच टाकते.” आणि त्या डाव्या हाताने डोळे पुसायला लागल्या, म्हणून मी जोडप्याची चौकशी केली.

शेवाळ कमी झालं, पण गेलं नाही. जाणार कसं? मालकांनी खरवडणं त्यानंतर कधी सोडलं नाही. सकाळी जीभ लावून पाणी पास करायचं, मग एक्स-रे घेऊन वाकायचं. कुणी विचारलं तर सांगायचे, उन्हामुळे होतं. कारणासाठी उभं जग नापास करणारा तो माणूस हे खोटं इतक्या सरावाने सांगायचा की मलाही कधी कधी खरं वाटायचं. मी त्या घरात असेपर्यंत त्या दोघांमध्ये या विषयावर एक शब्द झाला नाही.

माझं लग्न झालं, मी डोंबिवलीला गेले. काकू गेल्या तेव्हा मी तेराव्याला भेटायला आलेले. पाहुण्यांची गर्दी होती. टाकीकडे माझं लक्ष गेलं आणि मी चरकले. काच स्वच्छ. पाण्यात शेवाळाचा ठिपका नाही, जोडपं मजेत. कुणीतरी मालकांना म्हणालंसुद्धा, “चला, शेवाळाचा तरी प्रश्न सुटला तुमचा.” मालक ‘हं’ म्हणाले आणि उठून आत गेले. ते कितीतरी वेळ बाहेर आले नाहीत. त्या घरात मला सगळ्यात जास्त रडू कशाचं आलं असेल, तर त्या स्वच्छ काचेचं.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष संसारात माझं जाणं झालं नाही. मग एकदा ठाण्यात काम निघालं, दुपारी जिने चढून वर गेले. मालक जरा वाकलेले, बाकी तेच. हाफपँट, बनियन. “या, बाई.” शेजारची जुनी चाळ पाडून तिथे सात मजली इमारत उभी राहिलेली, त्यांच्या खिडकीला अगदी खेटून. खोलीत भर दुपारी ट्यूब लावलेली. निळा पडदा एका बाजूला सारून ठेवला होता, ओढायचं काही कारणच उरलं नव्हतं.

ते जेवायला बसणार होते. कॉट अजून तिथेच होती, तिच्या कडेला बसून ते ताट मांडीवर घ्यायचे. मी नको नको म्हणत असताना माझ्यासाठीही वाढलं. मग त्यांनी आपल्या ताटाच्या कडेचा एक लहानसा घास उचलला. वरण, भात, वर तूप. डोळे वगैरे मिटले नाहीत, काही पुटपुटले नाहीत. हात लांब केला आणि झाकणाच्या कोपऱ्यातून तो आत सोडला. खाली खेकडा लगबगीने आला असावा. मला नीट दिसलं नाही. काच हिरवीगार होती, उशीसमोरचा हातभर भाग तेवढा खरवडलेला.

मला काहीतरी बोलणं भाग होतं. म्हटलं, “काका, शेवाळ वाढलंय पुन्हा.”

“हो,” ते म्हणाले आणि जेवायला लागले. “ऊन फार येतं हल्ली.”

मी खिडकीकडे बघितलं. समोर त्या नव्या इमारतीची भिंत होती.

“येतं खरं,” मी म्हटलं. “पडदा ओढून घेत जा, काका.”